गाडीला पिकअप नाही? पार्ट बदलण्याआधी दोष शोधायचा कसा

खंबाटकीचा चढ कायम तिसऱ्या गिअरवर ओढणारी गाडी एके दिवशी दुसरा मागायला लागते. पाय तळाला टेकतो, इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी काही उठत नाही आणि मागचा ट्रक आरशात मोठा होत जातो. दुसऱ्या दिवशी आपण गॅरेजमध्ये जाऊन एवढंच सांगतो, "गाडीला पिकअप नाही." मग प्लग बदलले जातात, एअर फिल्टर बदलला जातो, "पंप वीक वाटतोय" म्हणून फ्युएल पंपही बदलला जातो. सात-आठ हजारांचं बिल होतं आणि पुढच्या रविवारी त्याच चढावर गाडी पुन्हा दुसरा मागते.

मी स्वतः या चक्रातून गेलो आहे. कसा, ते पुढे सांगतो. तेव्हापासून एक गोष्ट पक्की मानतो: मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. पिकअप जाण्याची कारणं वीस-पंचवीस तरी निघतात, पण ती दोनच घरांत बसतात. एक तर इंजिन ताकद तयार करत नाही, किंवा तयार झालेली ताकद रस्त्यापर्यंत पोचत नाही. यातलं कोणतं, हे अर्ध्या दिवसात आणि जवळपास फुकटात कळतं. पुढचा क्रम मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलचं वेगळं लिहिलं आहे.

आधी तक्रार नीट लिहून काढा

बॉनेट उघडायच्या आधी कागद-पेन घ्या. गाडी थंड असताना ओढते आणि तापल्यावर मरते, की उलट? सगळ्याच गिअरमध्ये मंद आहे, की फक्त वरच्या? खालच्या आरपीएमला बरी आणि तीन हजारांच्या पुढे कोंडल्यासारखी होते का? झटके मारते, की एकसारखी मंद चालते? चेक इंजिनचा दिवा लागलाय का, लुकलुकतोय का? तक्रार हळूहळू वाढली, की एका दिवसात आली? आणि त्या आधीच्या आठवड्यात काय झालं होतं: सर्व्हिसिंग, पाण्यातून गाडी घालणं, नव्या पंपावर पेट्रोल भरणं, गाडी पंधरा दिवस उभी राहणं?

या उत्तरांतच निम्मा शोध असतो. झटके मारत असेल तर ठिणगीकडे बघा. झटका नाही, आवाजही ठीक, पण वरच्या आरपीएमला जोर संपतो, तर हवा, पेट्रोलचा पुरवठा किंवा सायलेन्सर. इंजिन पळतं आणि गाडी पळत नाही, तर क्लच. सर्व्हिसिंग करून आणल्यावर लगेच तक्रार सुरू झाली असेल तर कुठलातरी पाईप किंवा कनेक्टर नीट बसवायचा राहिलाय, हे आधी तपासा.

जे दुखणं नाही ते आधी वेगळं काढा

उंचीवर हवा विरळ असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात ९५ च्या आसपास आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. म्हणजे मुंबईची टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली गाडी महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोचते तेव्हा तिला साधारण १५ टक्के कमी हवा मिळत असते, आणि ताकदही तेवढीच उतरते. त्यात पाच माणसं, डिकी भरलेली आणि एसी चालू. तिथे लहान इंजिन दमलं तर ते बिघडलेलं नाही.

सीएनजीवर गाडी पेट्रोलपेक्षा मंदच असते. सिलिंडरमध्ये हवेची काही जागा गॅस खातो, त्यामुळे १० ते १५ टक्के ताकद कमी मिळते. पण सीएनजी गाडी असणं हे दोष शोधताना वरदान आहे. एकाच चढावर एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर गाडी चालवा. फक्त गॅसवर मरत असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर किंवा गॅस इंजेक्टर बघा. दोन्हींवर मरत असेल तर हवा, सायलेन्सर, क्लच, ब्रेक. एक सावधगिरी मात्र ठेवा: सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून झिजलेले प्लग आणि थकलेल्या कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या) गॅसवर आधी उघड्या पडतात. गॅसवर झटके आणि पेट्रोलवर ठीक, असं दिसलं की गॅस किटला दोष देण्याआधी प्लग काढून बघा.

राहिला पेट्रोलमध्ये मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलचा प्रश्न. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरणं समजू शकतं. पण ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) त्या हिशेबाने जास्त इंधन सोडतो, म्हणून धडधाकट गाडीचा पिकअप डोळ्यांत भरेल इतका जात नाही. पंप किंवा फिल्टर आधीच काठावर असेल, तर मात्र हे जास्तीचं इंधन पुरवताना तो उघडा पडतो. "इथेनॉलमुळेच सगळं" असं म्हणून शोध थांबवू नका.

ताकद रस्त्यापर्यंत पोचते का?

हे मी सगळ्यात आधी ठेवतो, कारण याला एकही पार्ट उघडावा लागत नाही आणि बरेच लोक नेमकं हेच सोडतात.

टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी करा. मग १५-२० मिनिटं गाडी शक्य तेवढी कमी ब्रेक मारत चालवा आणि सपाट जागी थांबा. चारही चाकांजवळ हाताचा तळवा न्या, पण डिस्कला किंवा ड्रमला चिकटवू नका, भाजेल. एका चाकातून भट्टीसारखी झळ येत असेल आणि त्याच्या जोडीचं चाक कोमट असेल, तर ब्रेक धरून राहिलाय. लेझर थर्मामीटर असेल तर आकड्यातच दिसतं. मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा आणि चाक हाताने फिरवा. ब्रेक पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण चाक हाताला जड लागता कामा नये.

आपल्याकडे पावसाळ्यात हा दोष फार येतो. हँडब्रेक ओढून आठ-दहा दिवस उभी ठेवलेली गाडी काढली की मागचे शू ड्रमला चिकटलेले असतात, किंवा हँडब्रेकची केबल गंजून परत जात नाही. पुढच्या चाकाचा ब्रेक धरत असेल तर कॅलिपरची स्लाइड पिन कोरडी पडलेली असते किंवा पिस्टन गंजलेला असतो. एक खुबीची तपासणी सांगतो. चाक जाम असताना कॅलिपरचा ब्लीडर निपल सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकलाय, म्हणजे रबरी ब्रेक होज आतून फुगलेला असू शकतो. तो ऑइल पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. निपल सैल करूनही चाक जामच राहिलं, तर दोष पिस्टनचा किंवा पिनचा आहे. नंतर ब्रेकमधली हवा काढून, पेडल कडक लागतंय याची खात्री केल्याशिवाय गाडी हलवू नका.

आता क्लच. रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला या आणि पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळून वर गेला आणि स्पीडचा काटा तिथेच रेंगाळला, तर क्लच प्लेट घसरते आहे. जळका वास आला तर शंकाच नको. हे निघालं तर इंजिनमध्ये काही शोधायची गरज नाही. एएमटी (क्लचचं पेडल नसलेल्या) गाड्यांतही आत क्लच प्लेटच असते आणि ती अशीच घसरते. घाटात किंवा सिग्नलच्या चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय प्लेटचं आयुष्य खाते.

आणि खाली वाकून एकदा पायाखालचं मॅट बघा. मॅटवर मॅट टाकलेलं असलं की ॲक्सिलरेटर पेडल तळापर्यंत जातच नाही. जुन्या केबलवाल्या गाडीत दुसऱ्या माणसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेटखाली थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतो का ते पाहा. सैल केबल पाच मिनिटांत ताणता येते.

स्कॅनर लावा, पण कोडवर थांबू नका

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टीअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचायचा, सॉकेट असतो. ब्लूटूथवरचा साधा स्कॅनर हजाराच्या आत-बाहेर मिळतो आणि मोबाईलवर आकडे दाखवतो. घरात गाडी आहे त्याने हा घेऊन ठेवावा.

दोषांचे कोड वाचा आणि लिहून ठेवा, लगेच पुसू नका. पी०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरपुरतं न राहिलेलं मिस फायरिंग (मिश्रण नीट न पेटणं), पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचं. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. पण कोड फक्त कोणत्या गल्लीत शिरायचं ते सांगतो, घर दाखवत नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलणं ही सर्रास होणारी चूक आहे. तो सेन्सर बहुतेक वेळा खरं बोलत असतो.

आता चालू आकडे. चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा आणि मॅप सेन्सरचा (थ्रॉटलच्या पुढे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) आकडा बघा. तो तुमच्या गावाच्या हवेच्या दाबाइतका हवा. पुण्यात ९५ च्या जवळ दिसला तर सेन्सर शुद्धीवर आहे. मग पेडल पूर्ण दाबा. पेडलचा आकडा शून्याजवळून सुरू होऊन मध्ये कुठेही न अडखळता वर जायला हवा. काही गाड्यांत पूर्ण दाबल्यावरही तो १०० न दाखवता ८०च्या आसपास थांबतो, त्याने घाबरू नका. मधेच उडी मारणं किंवा अचानक शून्यावर येणं हा दोष.

नंतर शेजारी एकाला फोन घेऊन बसवा आणि रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय द्या. इथे एक सुंदर गोष्ट दिसते. पूर्ण थ्रॉटलला टर्बो नसलेल्या इंजिनात मॅपचा आकडा बाहेरच्या दाबाच्या जवळपास पोचला पाहिजे. पुण्यात तो ८० च्या आसपासच अडकला तर हवा आत येण्याच्या वाटेवर अडथळा आहे: फिल्टर, नळकांडं किंवा थ्रॉटल. आकडा ९३-९४ ला पोचतोय आणि तरी गाडी मेलेली आहे, तर हवा आत येतेय. मग दोष ठिणगीत, पेट्रोलमध्ये, इंजिनच्या आत किंवा बाहेर जाण्याच्या वाटेवर. एका आकड्याने अर्धी यादी कापली जाते.

फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी इंधन सोडतोय त्याचे, दोन आकडे असतात, तात्पुरता आणि दीर्घ मुदतीचा. दोघांची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असली तर चिंता नाही. एमएएफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत न्यूट्रलला ती अधिक २० आणि २५०० आरपीएमला बरीच खाली येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी पाईप फाटून न मोजलेली हवा आत शिरते आहे. उलट न्यूट्रलला ठीक आणि जोर दिल्यावर बेरीज वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय किंवा एमएएफ सेन्सर मळलाय. नुसत्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या लहान गाड्यांत फाटक्या पाईपचा परिणाम ट्रिमपेक्षा चढलेल्या आयडलिंगमध्ये जास्त दिसतो.

हवा

एअर फिल्टरचा डबा उघडा. उजेडासमोर फिल्टर धरून घड्यांमधून प्रकाश आला नाही तर बदला. हवेच्या प्रेशरने तो पुन्हा पुन्हा झटकून वापरू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते. डब्याच्या तळाशीही बघा. गावाकडे अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर तिथे काथ्या, शेंगांची टरफलं, सीटचा स्पंज असं सगळं आणून ठेवतात. हवा ओढणाऱ्या नळकांड्यातही टॉर्च मारा.

मग थ्रॉटल बॉडी. पातीच्या कडेला काळा चिकट थर असेल तर थ्रॉटल क्लीनर कपड्यावर घेऊन पुसा. चावी ऑन असताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाती बोटाने ढकलायची नाही, आतले गिअर तुटतात. साफ केल्यावर आयडलिंग थोडा वेळ वरखाली होईल. काही गाड्यांत स्कॅनरने पुन्हा शिकवावं लागतं. एमएएफ सेन्सर असेल तर त्याला फक्त त्याचाच क्लीनर मारा. ब्रेक क्लीनर किंवा कापूस लागला की तार गेली. मळक्या थ्रॉटलने आयडलिंग बिघडतं, पण पूर्ण पाय दिल्यावरचा जोर त्याने सहसा जात नाही. म्हणून "थ्रॉटल साफ केला, आता पळेल" या आश्वासनावर फार विसंबू नका.

ठिणगी

बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. स्कॅनर म्हणतो दुसरा सिलिंडर मिस करतोय? इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि फेरी मारा. आता पी०३०३ आला तर कॉइल मेली. कोड दुसऱ्यालाच चिकटून राहिला तर त्याच रीतीने प्लगची अदलाबदल करा. तरीही तिथेच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडर हवा किती दाबतो ते). या अदलाबदलीला एक रुपया लागत नाही आणि चार कॉइलचा सेट विकत घेण्यापासून ती वाचवते.

प्लग थंड इंजिनवरच काढा, आणि काढण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा. टोकाला फिकट तांबूस-राखाडी रंग हवा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर काळपट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढरं फटफटीत म्हणजे मिश्रण पातळ किंवा उष्णता जास्त. गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे, बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर. बसवताना आधी नुसत्या हाताने आटे धरू द्या, मग टॉर्क पाना. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर दुरुस्ती प्लगच्या कितीतरी पट महाग पडते.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर पाय काढा आणि जमेल तेवढ्या लवकर गाडी थांबवा. त्याचं कारण पुढे "बाहेर जाणारी वाट" या भागात आहे.

पेट्रोल

पेट्रोलच्या पुरवठ्यात आवाजावरून निदान करू नका, दाब मोजा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) साधारण ३ ते ४ बार असतो. आयडलिंगला दाब बरोबर आणि पूर्ण पाय दिल्यावर पडतो, तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. पंप बदलायच्या आधी त्याच्या कनेक्टरवर पूर्ण व्होल्टेज पोचतंय का ते बघायला सांगा, कारण गंजलेल्या अर्थिंगमुळे चांगला पंपही मंद फिरतो. पेट्रोलचं काम उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवूनच करा. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत दाब याच्या कितीतरी पट असतो, तिथे घरी पाईप सोडू नका.

पावसाळ्यात पेट्रोल भरल्याबरोबर गाडी अडखळायला लागली तर टाकीत पाणी गेल्याची शंका घ्या. इथेनॉल थोडं पाणी मुरवून घेतं, पण पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासह खाली बसतं, आणि पंप नेमका खालूनच ओढतो. अशा वेळी मिश्रणं ओतत बसण्यापेक्षा टाकी रिकामी करून धुणं हाच उपाय. पेट्रोल पंपाची पावती जपून ठेवा.

बाहेर जाणारी वाट: माझी गाडी इथे अडकली होती

माझी १.२ लिटर पेट्रोल गाडी सकाळी ठीक असायची. दहा-बारा किलोमीटर झाले की मरायला लागायची. ७० च्या वर वेग मोठ्या कष्टाने जायचा. झटका नाही, दिवा नाही, आवाज गुदमरल्यासारखा. गॅरेजने प्लग, फिल्टर आणि शेवटी फ्युएल पंप बदलला. फरक शून्य.

एका संध्याकाळी गाडी तापवून आणली आणि मुलाला आरपीएम २५०० वर धरायला सांगितलं. मी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळवा धरला. भावाची तशीच गाडी शेजारी उभी होती. तिच्या तोंडातून भक्-भक् असा ठोका हाताला ढकलत होता. माझ्या गाडीतून येत होती एक मऊ, एकसारखी फुंकर, जणू कोणी कापडातून श्वास सोडतंय. स्कॅनरवर पूर्ण पायाला मॅप ९४ दाखवत होता, म्हणजे आत येणारी हवा अडलेली नव्हती. बाहेर जाणारी अडली होती.

दुसऱ्या मेकॅनिककडे आम्ही पुढचा ऑक्सिजन सेन्सर २२ च्या पान्याने काढून तिथे प्रेशर गेज लावला. २५०० आरपीएमला साधारण ०.२ बारच्या वर दाब जाऊ नये. काटा त्याच्या दुपटीला गेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर विषारी धूर साफ करणारा डबा) खाली उतरवून टॉर्च मारली तेव्हा मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसायला हवी होती ती सिरॅमिकची जाळी अर्ध्या भागात वितळून काचेसारखी गोळा झालेली होती.

तेव्हा आठवलं. चार महिन्यांपूर्वी एक कॉइल खराब झाली होती. दिवा लुकलुकत होता आणि मी "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणत जवळजवळ दोन महिने तशीच गाडी चालवली. मिस होणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत होतं. त्या उष्णतेने जाळी वितळली. नंतर कॉइल बदलली, दिवा गेला, पण जाळी वितळायची ती वितळली होती, आणि तापल्यावर गाडी मरायचं कारण तिथे बसून होतं. दीड-दोन हजारांची कॉइल वेळेवर बदलली असती तर त्याच्या कितीतरी पट खर्च वाचला असता. लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल मी इतका आग्रह का धरतो, ते यावरून कळेल.

तुमच्या गाडीत हा दोष निघाला तर कोणीतरी हमखास सांगेल, "जाळी फोडून रिकामा करून देतो, मस्त पळेल." तसं करू नका. ते बेकायदा आहे, विषारी धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या आणि पोरांच्या नाकात जातो, पीयूसीला गाडी अडकते आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर दिवा लावत राहतो. नवा कन्व्हर्टर टाका, आणि टाकायच्या आधी जुना कशामुळे गेला ते दुरुस्त करा. मिस फायरिंग किंवा ऑइल जळणं तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जाईल.

डिझेल गाडी असेल तर

डिझेलचा पिकअप म्हणजे मुख्यतः टर्बो, आणि टर्बोच्या तक्रारींत टर्बो स्वतः निर्दोष सुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. जोर दिल्यावर शिट्टी किंवा "फस्स" असा आवाज आणि काळा धूर दिसला, तर इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज पाईप आणि त्यांच्या क्लिप तपासा. फाटलेल्या होजच्या कडेला ऑइलची ओल आणि तिच्यावर धूळ बसलेली दिसते. होज खालच्या बाजूने फाटतो, म्हणून वरून बघून समाधान मानू नका, बोट फिरवा. मग ॲक्चुएटरला (टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जाणारा बारीक व्हॅक्यूम पाईप. बोटभर रबराची ही नळी उन्हाने तडकते आणि अख्खा टर्बो गप्प बसतो. ही नळी न तपासता टर्बोचं कोटेशन घेऊ नका.

आरपीएम तीन हजारांच्या आसपास अडकून पुढे जातच नसेल, तर ईसीयूने गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद आवळून, टाकलेली असते. बंद करून पुन्हा चालू केल्यावर थोडा वेळ बरी चालते. अशा वेळी कोड वाचल्याशिवाय काहीही उघडू नका. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला असेल तर खालच्या आरपीएमला गाडी मंद आणि धूर काळा.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायची चावी असते. पावसाळ्यात ती अधूनमधून उघडून पाणी काढलं तर इंजेक्टर वाचतात. आणि एक कडक सूचना: इंजिन चालू असताना कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीचा) कोणताही पाईप सैल करून बघायचा नाही. तिथला दाब शेकडो बार असतो. सुईएवढी धार कातडीत घुसते आणि हात कापायची वेळ येऊ शकते.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवून जाळणारा फिल्टर) आहे. रोज चार किलोमीटरवर शाळा आणि भाजी एवढंच फिरणाऱ्या गाडीत काजळी जाळायला लागणारी उष्णता कधी तयारच होत नाही. डीपीएफचा दिवा लागला की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हायवेला काढा. बहुतेक गाड्यांना ६० च्या वर एकसलग वीसेक मिनिटं पुरतात. मध्येच इंजिन बंद करू नका. रोजचं अंतर एवढंच असेल तर पुढची गाडी पेट्रोल घ्या, हा माझा प्रामाणिक सल्ला.

शेवटी इंजिन

वरचं सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेशनकडे वळा. सगळे प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज असू द्या, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके द्या. पेट्रोल इंजिनात ११ ते १४ बार हा साधारण आकडा, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरा-सिलिंडरांत फरक दीड बारच्या वर नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. लाखभर किलोमीटर सीएनजीवर धावलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टप्पिटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप कमी होतो आणि व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीत. वेळीच पकडलं तर नुसतं टप्पिट सेटिंग करून भागतं. चारही सिलिंडर सारखेच कमी निघाले तर टायमिंग चेन ताणली का किंवा दात सरकलाय का, ते बघायला सांगा.

घड्याळ लावून खात्री करा

दुरुस्तीनंतर "आता बरी वाटते" यावर समाधान मानू नका. पैसे खर्च केल्यावर प्रत्येक गाडी दोन दिवस बरी वाटते. एक सपाट, मोकळा रस्ता ठरवा. इंजिन तापलेलं, एसी बंद, शेजारी एकच माणूस, त्याच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून पूर्ण पाय द्या आणि ८० ला किती सेकंद लागले ते लिहा. तोच रस्ता उलट दिशेनेही, म्हणजे वारा आणि उतार यांचा हिशेब निघून जातो. दोन्हींची सरासरी घ्या.

गाडी निरोगी असतानाच हा आकडा काढून ठेवला तर त्याची खरी किंमत कळते. ग्लोव्ह बॉक्समधल्या माझ्या वहीत कन्व्हर्टर तुंबलेला असतानाची नोंद आहे १९ सेकंद, पंप बदलल्यानंतरची १९ सेकंद, आणि नवा कन्व्हर्टर बसवलेल्या दिवसाची ११. आता दर सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतर मुलगा स्टॉपवॉच धरतो. गेल्या खेपेला १३ आले. फिल्टर काढला तर डब्यात मूठभर काथ्या निघाला.